सात बहिणी आणि शेवळाची भाजी

वर्षातला सर्वांत मोठा दिवस कोणता, असे बँकेतल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तर तो ‘एकतीस मार्च’ म्हणेल आणि कूस बदलून पुन्हा झोपेल. त्या दिवशी सूर्य उगवतो तेव्हा आम्ही शाखेत असतो, मावळतो तेव्हाही शाखेतच असतो, आणि संगणक आल्यापासून तर सूर्य मावळला की नाही हेही आम्हाला खालच्या चहावाल्याकडून कळते. भूगोलाचे म्हणणे मात्र निराळे. त्याच्या मते सर्वांत मोठा दिवस २१ जून. मी पडलो कॉमर्सचा. भूगोलाशी माझा संबंध दहावीला तुटला, तो कर्जतला बदली झाल्यावर पुन्हा जुळला. (कर्जत हे बँकवाल्याला साजेसे गाव आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवण्यासाठी इथे मागून जादा इंजिने लावतात, त्यांना रेल्वेवाले ‘बँकर’च म्हणतात. दम लागेपर्यंत ढकलायचे, वर पोचल्यावर मुकाट्याने सुटायचे आणि पुढे नाव गाडीचे व्हायचे. हुबेहूब आम्हीच!)

विलायतेत या दिवसांचे मोठे कौतुक. २४ जून हा तिकडे सेंट जॉनचा दिवस. त्याच्या आदल्या रात्री टेकड्यांवर होळ्या पेटवायच्या, रानातून औषधी पाला आणायचा आणि आज पऱ्या बाहेर पडतात म्हणून जपून राहायचे, असा जुना रिवाज. शेक्सपीअरने त्या रात्रीचे नाव देऊन अख्खे नाटक रचले. त्यात पऱ्यांचा राजा आणि राणी एका पोरावरून भांडतात आणि एका बिचाऱ्या विणकराच्या धडावर गाढवाचे डोके बसते. इंग्रज प्रेक्षक याला चारशे वर्षे हसत आहेत. आमच्याकडे प्रमोशनच्या यादीनंतर हा प्रकार दरवर्षी होतो, पण त्यावर कोणी नाटक लिहीत नाही. स्वीडनमध्ये तर या सुमारास फुलांचा खांब उभारून त्याभोवती नाचतात आणि नवे बटाटे, मुरवलेले हेरिंग मासे आणि स्ट्रॉबेरी खातात.

त्यांनी नाचावे हे रास्तच आहे. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि जूनमध्ये साडेसोळाच्या वर. पगार दुप्पट झाल्यावर कोण नाचणार नाही? आपल्याकडे कर्जतला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरा तासांचा. फरक सव्वादोन तास, म्हणजे कर्जत-मुंबई लोकलचा एक प्रवास, नेहमीचा उशीर धरून. एवढ्याशा वाढीसाठी महागाई भत्त्यावर जगणारा माणूससुद्धा नाचत नाही.

दुसरी अडचण अशी, की सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो मेच्या मध्यावर. त्या दिवशी भर दुपारी कर्जत स्टेशनवर उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच सापडते. मग स्वारी आपल्याला ओलांडून उत्तरेला जाते. २१ जूनला तो आपल्या माथ्याच्या साडेचार अंश उत्तरेला असतो आणि आपली सावली चक्क दक्षिणेला पडते. ‘पडते’ हे आपले पुस्तकातले. कारण ११ जूनच्या आसपास मुंबईला पाऊस लागतो, आणि २१ तारखेला कर्जत-खालापुरात सूर्य कुठे आहे हे फक्त पंचांगकर्त्यांना ठाऊक असते. सत्कारमूर्ती व्यासपीठावर हजर आहेत, हार आला आहे, आणि पडदा वर जायलाच तयार नाही!

बरे, पंचांगकर्त्यांना तरी नक्की ठाऊक असते का? इथून इतिहास सुरू होतो आणि तो थोडा हिशेबी आहे. दक्षिणायन आपल्या पूर्वजांना उत्तम माहीत होते. वेदांगज्योतिषाच्या काळी सूर्य दक्षिणेकडे वळायचा तो आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर. सहाव्या शतकात वराहमिहिराने पाहिले तर तो कर्केच्या सुरुवातीलाच वळत होता. वराहमिहिराने ते लिहून ठेवले आणि वर सांगितले, की शंका असेल तर सावली मोजून पाहा. ऑडिटर असावा तर असा. पुढे वळण्याची जागा सरकतच राहिली, पंचांग मात्र जागेवर बसून राहिले. आज पंचांगातली कर्कसंक्रांत येते १६ जुलैला आणि सूर्य वळून जातो २१ जूनला. असा न जुळणारा फरक आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतो. ज्योतिषांनी त्याला ‘अयनांश’ असे भारदस्त नाव दिले, एवढाच काय तो फरक.

हा फरक मिटवायचे प्रयत्न झाले. एकोणिसाव्या शतकात लेले, मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित या तिघांनी सायन पंचांग काढले. दीक्षित कोकणातल्या मुरूडचे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला. लोकांनी माना डोलावल्या आणि तिळगूळ खाल्ला तो त्याच जुन्या तारखेला. मग मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून सरकारने १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आणली. तिच्यात १ आषाढ पडतो २२ जूनला, म्हणजे सूर्याने पाठ फिरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि या तारखेचा चेक चालतो बरं का! रिझर्व्ह बँकेची तशी सूचनाच आहे. माझ्या नोकरीत असा चेक एकदाच आला. एका निवृत्त गुरुजींनी २०१८ साली ‘१ आषाढ १९४०’ अशी ठसठशीत तारीख घालून आणला होता. साहेबांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, मग माझ्याकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “अहो, चेक तीन महिन्यांत शिळा होतो. हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे!”

शेतकऱ्याने या भानगडीत डोके घातले नाही. त्याने नक्षत्रे धरली. ७-८ जूनला मृग, २१-२२ ला आर्द्रा. आर्द्र म्हणजे ओले. सूर्य वळतो त्याच सुमाराला सध्या हे ओले नक्षत्र लागते, आणि पंचांगात त्याचे वाहन छापलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की बरे, कोल्हा असला की गावात चेहरे उतरतात. म्हणजे सण आहे, पण तो सूर्याचा नाही, पाण्याचा आहे. एवढे कळले की पऱ्या कुठे शोधायच्या तेही कळते.

पऱ्या आहेत, आणि चांगल्या सात आहेत. सातीआसरा. आसरा म्हणजे अप्सराच, आणि अप्सरेतले ‘अप्’ म्हणजे पाणी. इंद्राच्या दरबारात नोकरी होती, तिथून बदली होऊन या मुली विहिरीवर, तळ्याकाठी, ओढ्याच्या डोहावर आल्या. तिकडे नृत्यगायन होते, इकडे सात दगड आणि शेंदूर. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, एखादी फणी, खणानारळाची ओटी एवढ्यावर भागवतात. त्यांच्या सात नावांतली काही फार गोड आहेत: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी. मासळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर! विलायतेतल्या परीला पाठीवर फुलपाखराचे पंख असतात, आपल्या परीला नांग्या असल्या तर बिघडले कुठे? आणि योगायोग पाहा. त्या दिवशी सूर्य ज्या रेषेवर असतो तिचे नाव कर्कवृत्त. दोन हजार वर्षांपूर्वी तो कर्क राशीत वळायचा म्हणून पडलेले नाव. राशी केव्हाच मागे पडली, पण भाडेकरू गेल्यावर दारावर राहिलेल्या पाटीसारखे नाव राहिले. कर्जतच्या शेतात मात्र खरी कर्कटी त्याच आठवड्यात बांधावर येते आणि तिचे कालवण होते.

या बहिणी इथल्या जुन्या रहिवासी आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. आकड्यांचा माणूस देव्यांच्या मागे लागला म्हणून मला ते जवळचे वाटतात. त्यांनी मावळातल्या डोंगरवाटा पायांनी मोजल्या आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात मांडले, की पाण्यावरच्या या ‘मावलाया’, म्हणजे छोट्या आया, आणि ‘मावळ’ हे नाव एकमेकांचे नातलग आहेत. कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखात या मुलखाचे नाव ‘मामाल’ असे आहे, म्हणजे पत्ता दोन हजार वर्षांचा. घाटाच्या खालच्या अंगाला, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची. कण्हाचा शिष्य बलक याने ‘हे मी केले’ असे तिथे दगडात कोरून ठेवले आहे. त्याच्याही वाटेवर आर्द्रात ओढे फुगत असणार आणि कोणीतरी त्याला ‘भंते, इथून नको, तिथून जा’ असे सांगत असणार.

कारण आसरांचे मुख्य काम तेच. भर दुपारी एकट्याने डोहावर जाऊ नये, आसरा ओढून नेतात. शिकल्यासवरल्या लोकांनी याला अंधश्रद्धा म्हटले, मीही म्हणत असे. पण कर्जत-खालापूरचे ओढे बघितल्यावर माझे मत जरा सरकले, त्याचाही काही अयनांश काढावा लागेल. वर खंडाळ्याला ढग कोसळतो, खाली चक्क उघडीप असते, आणि घोट्याएवढे पाणी बघता बघता छातीला लागते. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी इथल्या धबधब्यांवर मुंबई लोटते आणि दर पावसाळ्यात काही घरांतली मुले परत जात नाहीत. बंदीचे हुकूम निघतात, फलक लागतात. त्या फलकाला टेकून फोटो काढणारी मंडळी मी डोळ्यांनी पाहिली आहेत. शेंदूर लावलेल्या सात दगडांना टेकून फोटो काढायची मात्र अजून कोणाची छाती झालेली नाही.

आता जेवायला बसू. या दिवसांचा इथला मानाचा पदार्थ शेवळं. पहिल्या पावसाच्या सुमाराला रानात जमिनीतून थेट एक जांभळट-तपकिरी कोंब वर येतो. पान नाही, पाला नाही, नुसता दांडा. तो खावा असे पहिल्यांदा ज्याच्या मनात आले त्या माणसाला मी मानतो, कारण नुसता शिजवून खाल्ला तर घसा असा खाजतो की बोलती बंद होते. (शाखेतल्या काही खातेदारांना तो खिलवावा असा विचार मनात येऊन जातो.) त्यावर उतारा काकडाच्या झाडाची आंबट हिरवी फळे. निसर्गाने खाज आणि उतारा एकाच पंधरवड्यात, एकाच रानात ठेवला आहे आणि ठाकर-कातकरी बाया दोन्ही एकाच पाटीत घेऊन येतात. माझे एक सीकेपी सहकारी शेवळांच्या दिवसांत सकाळची लोकल सोडून देतात, पण स्टेशनबाहेरच्या पाट्या सोडत नाहीत. त्यांच्याकडे शेवळं कोलंबीत किंवा सोड्यांत पडतात. मागून टाकळा, कुलू, भारंगी येते. टाकळा गोरगरिबांचा, हल्ली तो मुंबईत रानभाजी म्हणून महोत्सवात मिळतो. आणि वलगण! पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढून शेतांत शिरतात आणि अख्ख्या वाडीची तरणी पोरे रात्री जाळी आणि उजेड घेऊन पाण्यात उतरतात.

हे सगळे ज्या डोंगरांवरून येते ते डोंगर नेहमीच देणारे नसतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. शेवळाची जुडी वीसला की पंचवीसला, अशी घासाघीस त्यानंतर माझ्याच्याने झालेली नाही.

२१ जूनला आता सरकारी कार्यक्रमही असतो. २०१५ पासून तो आंतरराष्ट्रीय योगदिन झाला आहे, सर्वांत मोठा दिवस म्हणूनच निवडलेला. गेल्या वेळी आम्ही सकाळी शाखेत सतरंज्यांवर शवासन केले. काउंटर उघडल्यावर पहिली आली ती शेवळंवाली ठाकरीण मावशी, रिकामी पाटी काखेत, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. दोनशे रुपये काढायचे होते. मी स्लिप भरून दिली, अंगठा घेतला आणि सहज विचारले,

“काय मावशी, बियाणं घ्यायचं का?”

“नाय सायेब. पान्यातल्या बायांची ओटी हाय. नातू वलगणीला जातो म्हनतो. बांगड्या घ्यायच्यात सातजनींना.”

“आणि आम्हाला शेवळं?”

“सरली. उद्याच्याला आनते. काकडा पन आनते, त्याबिगर खाऊ नका.”

पैसे काढायच्या स्लिपवर कारणाचा रकाना नसतो. कोऱ्या नोटा आम्ही लग्नसराईसाठी आणि साहेबांच्या ओळखीच्यांसाठी खणात राखून ठेवतो. त्यातल्या दहाच्या वीस काढल्या आणि मोजून तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या पुन्हा एकदा मोजल्या.