गोठ्यापर्यंत आलेलें शास्त्र

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोदावरीच्या डाव्या तीराला लागून, घनसावंगी तालुका पसरला आहे. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब याच तालुक्यांत येतें. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचलें तेथें ऊस, आणि जेथें पोंचलें नाहीं तेथें कापूस, तूर व ज्वारी, अशी येथील शेती. पाऊस बेभरंवशाचा. अशा मुलुखांत दावणीला बांधलेलीं दोन-तीन जनावरें हा शेतकऱ्याच्या संसाराचा मोठा आधार असतो. आणि म्हणूनच गाय वेळेवर फळली कीं नाहीं, हा प्रश्न त्या घरांत पावसाच्या प्रश्नाइतक्याच काळजीनें विचारला जातो. शहरांतील गृहिणीच्या दारीं सकाळीं जें दूध येतें, त्याचा उगमहि याच प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

हिशेब साधा आहे. गाय सुमारें 280 दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत साधावयाचें, तर व्याल्यानंतर सुमारें 85 दिवसांच्या आंत ती पुन्हां गाभण राहिली पाहिजे. ती माजावर येते सुमारें 21 दिवसांच्या अंतरानें, आणि तो माज टिकतो जेमतेम 12 ते 18 तास. व्याल्यानंतरचे पहिले कांहीं आठवडे विश्रांतीचे सोडले, तर शेतकऱ्याच्या हातीं दोन किंवा तीनच संधि उरतात. एक संधि हुकली म्हणजे तीन आठवड्यांचा चारा अंगावर पडला. अशा अनेक संधि हुकल्या म्हणजे गाय भाकड ठरली. आणि दुष्काळाचें वर्ष असेल, तर तिनें बाजाराची वाट धरली असें समजावें.

पूर्वीं या कामाचा सारा भार गांवच्या वळूवर असे. देवाच्या नांवानें सोडलेला वळू कोणाच्याहि शेतांत चरे, आणि त्याला कोणी मारीत नसे. ही व्यवस्था जुनी व पुष्कळशी उदार होती. परंतु तिच्यांत मोठे दोष होते. गांवांतील उत्तम गोऱ्हे औतासाठीं खच्ची केले जात, आणि वंश चालविण्याचें काम उरल्यासुरल्यांकडे येई. एकच वळू अनेक वर्षें राहिल्यानें बापलेकींचा संबंध टळत नसे. शिवाय एका गाईचा गर्भपाताचा रोग वळूच्या द्वारें दुसरीस लागे. वाईट वंशाचा दोष कोणाच्या एकट्याच्या माथीं येत नसे, म्हणून तो सुधारण्याची जबाबदारीहि कोणी घेत नसे.

या अडचणींतून निघण्याची वाट जगाला फार हळूहळू सांपडली. चौदाव्या शतकांत एका अरब सरदारानें शत्रूच्या नामांकित घोड्याचें रेत चोरून आणून आपली घोडी फळविली, अशी एक दंतकथा सांगतात. शास्त्रीय पुरावा मात्र 1780 सालचा आहे. इटलींतील धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यानें त्या वर्षीं एका कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा प्रयोग केला, आणि 62 दिवसांनीं तिला तीन पिलें झालीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं रशियांत इल्या इव्हानोव्ह यानें हीच कृति घोडे, गुरें व मेंढ्या यांच्या पैदाशीस लावली. परंतु हें शास्त्र खऱ्या अर्थानें शेतकऱ्यांचें झालें तें डेन्मार्कमध्यें. साम्सो नांवाच्या लहानशा बेटावर 1936 सालीं एदुआर्द सोरेन्सेन यांच्या पुढाकारानें गोपालकांनीं या कामासाठीं पहिली सहकारी संस्था काढली. लगेच पुढच्या वर्षीं तेथील पशुवैद्यांनीं एका हातानें गर्भाशयाचें मुख धरून दुसऱ्या हातानें नळी आंत सारण्याची रीत बसविली. आजहि गोठ्यागोठ्यांतून तीच रीत चालते.

रेत सांठविण्याच्या कांडीचीहि कथा मनोरंजक आहे. सोरेन्सेन यांच्या मुलीच्या वाढदिवशीं मुलें बारीक नळ्यांनीं सरबत पीत होतीं. तीं पाहून, आपण शोधीत आहों ती वस्तु हीच, हें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढें 1949 सालीं इंग्लंडमध्यें ख्रिस्तोफर पोल्ज व त्यांचे सहकारी कोंबड्याचें रेत गोठवून पाहत असतां एकाएकीं यश आलें. शोध घेतां असें आढळलें कीं, साखरेची म्हणून घेतलेल्या बाटलींत वास्तविक ग्लिसरीन होतें! चिठ्ठीच्या या घोटाळ्यानें जगांतील गोपालनाचें पारडें फिरविलें. ग्लिसरीन मिसळलेलें रेत द्रवरूप नत्रवायूंत, शून्याखालीं 196 अंशांवर, वर्षानुवर्षें टिकूं लागलें. वळूचें आयुष्य संपलें तरी त्याचा वंश थांबण्याचें कारण उरलें नाहीं.

हिंदुस्थानांत या विद्येचा पहिला यशस्वी प्रयोग 1939 सालीं म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेंत संपतकुमारन् यांनीं केला. 1942 सालापासून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेंत त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि 1943 सालीं अलाहाबादच्या कृषिसंस्थेंत या रीतीनें म्हशीचें पहिलें वासरूं जन्मास आलें. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेंत निवडक खेड्यांसाठीं 'की व्हिलेज' नांवाची योजना निघाली. मराठवाडा त्या वेळीं निजामी राज्यांतून नुकताच, सप्टेंबर 1948 मध्यें, मुक्त झाला होता.

या सर्व योजनांत एक उणीव होती. त्या काळचें पातळ रेत दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नसे, म्हणून तें केंद्राच्या आसपासच राही, आणि माजावर आलेली गाय चालवीत केंद्रावर न्यावी लागे. उन्हांतून सहा-सात मैल चालून आलेली गाय थके. केंद्र बंद असे किंवा पाळी लांबे. तोंवर माज उतरे. राजवाड्यांतून निघालेली विद्या दवाखान्यापर्यंत आली होती, परंतु दवाखान्यापासून गोठ्यापर्यंतचें अंतर अद्याप तुटलें नव्हतें.

तें अंतर तोडण्याचें मोठें काम महाराष्ट्रांत पुण्याजवळील उरुळी कांचन येथें झालें. मार्च 1946 मध्यें महात्मा गांधी तेथें राहिले व त्यांनीं निसर्गोपचार आश्रम स्थापिला. सुरत जिल्ह्यांतील कोसमाडा गांवचे, विज्ञानाचे पदवीधर मणिभाई देसाई हे तरुण कार्यकर्ते त्या आश्रमाचे झाले, आणि 1993 सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तें क्षेत्र सोडलें नाहीं. गीर गाईंचा उत्तम कळप त्यांनीं तेथें वाढविला. 1967 सालीं त्यांनीं भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था काढली. 'बाएफ' हें तिचें नांव आज खेड्यापाड्यांतून परिचित आहे. साखर कारखान्यांच्या साह्यानें या संस्थेनें महाराष्ट्रांत केंद्रें उघडलीं. तिनें कामाचा क्रम उलटा केला: गाईनें केंद्रावर यावयाचें नाहीं, तर केंद्रानेंच गाईकडे जावयाचें. एक शिक्षित तरुण, एक मोटारसायकल, नत्रवायूचें एक पात्र आणि भोंवतालचीं दहा-पंधरा गांवें, एवढाच तो संसार. 1982 सालीं मणिभाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

गोठ्यांत प्रत्यक्ष काय घडतें तें पाहिलें म्हणजे या कलेंत शेतकऱ्याचा वांटा किती मोठा आहे हें कळून येतें. पात्रांतून काढलेली पाव मिलिलिटरची कांडी 37 अंश उष्णतेच्या पाण्यांत अर्धा मिनिट धरावयाची, कोरडी करून नळींत बसवावयाची, आणि गर्भाशयाच्या मुखापलीकडे रेत सावकाश सोडावयाचें. सरावलेल्या माणसास हें थोड्या मिनिटांचें काम आहे. परंतु तो माणूस येण्यापूर्वीं जें घडावयास पाहिजे, तें केवळ घरधनी किंवा घरधनीणच करूं शकते. गाय हंबरते, वैरण सोडते, दुसरीच्या अंगावर चढते, कांचेसारखा पारदर्शक सोट टाकते. हीं लक्षणें रोज धार काढणाऱ्या बाईच्या नजरेंतून सहसा निसटत नाहींत. माज सकाळीं दिसला तर त्याच संध्याकाळीं, आणि संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या सकाळीं रेतन करावें, असा नियम आहे. म्हशीचा माज बहुधा मुका असतो व उन्हाळ्यांत तर दिसतच नाहीं. तेथें नजर अधिकच तीक्ष्ण लागते. या देशांत शेतावरच्या परिस्थितींत निम्मींहि रेतनें सफल होत नाहींत; आणि त्याच्या अनेक कारणांपैकीं एक मोठें कारण चुकलेली वेळ हें आहे.

मग शेतकऱ्यानें नळीहि स्वतःच्या हातीं कां घेऊं नये, असा प्रश्न सहजच निघतो. अमेरिकेंत अनेक गोपालक थोड्या दिवसांचा वर्ग करून आपल्या गाई आपणच फळवितात. परंतु तेथें एकेका गोठ्यांत शेंकडों गाई असतात, व हाताला रोज सराव मिळतो. घनसावंगीच्या दोन गाईंच्या मालकाला वर्षाकाठीं चार-पांच वेळांपलीकडे प्रसंग येणार नाहीं, आणि सरावावांचून ही कला हातांत राहत नाहीं. अडाणी हात गर्भाशयास इजा करितो. अस्वच्छ नळी रोग आंत नेते. कायद्याचीहि मर्यादा आहे. 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणें पशुचिकित्सा हें नोंदलेल्या पशुवैद्याचें काम असून, किरकोळ सेवा शिक्षित साहाय्यकांनीं त्याच्या देखरेखीखालीं द्यावयाच्या असतात. म्हणून आपल्याकडे मधला मार्ग निघाला. 2014 सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्यें खेड्यांतील तरुणांना तीन महिन्यांचें शिक्षण देऊन 'मैत्री' या नांवानें कृत्रिम रेतनाच्या कामीं लावण्यांत येतें. असा तरुण बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या हातीं नळी आली नाहीं. परंतु शेतकरी कुळांतल्या हातीं ती आली, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां राहिला निवडीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वळू डोळ्यांनीं दिसत असे. कांडींतला वळू दिसत नाहीं. मराठवाड्याची गाय म्हणजे देवणी आणि लाल कंधारी. वानेरा, बालंक्या व शेवरा या रंगभेदांनीं ओळखली जाणारी देवणी दूध व बैल दोन्ही देते. कंधार तालुक्याचें नांव धारण करणारी लाल कंधारी कष्टाळू बैलांची माता आहे. संकरानें दूध वाढलें, हें निर्विवाद आहे. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें 'फुले त्रिवेणी' आणि परभणीच्या विद्यापीठानें देवणीच्या संकरांतून 'होलदेव' तयार केली. परंतु संकरित गाईला पाणी, हिरवा चारा आणि सावली अधिक लागते, व तिचा गोऱ्हा उन्हांत औताला लौकर थकतो. 2015 सालापासून महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीसहि बंदी आल्यानें, काम न करणाऱ्या गोऱ्ह्याचा भार मालकावरच राहतो. बहुतेक कालवडीच जन्माव्या अशा निवडलेल्या रेताच्या कांड्या आतां मिळतात, त्या यासाठींच. परंतु कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्याला जी गाय परवडते ती कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेलच असें नाहीं. आणि संकरावर संकर होत गेला, तर देवणीचा शुद्ध वंश एका पिढींत हातचा जाऊं शकतो.

म्हणून शेतकऱ्यानें जी विद्या शिकावयाची ती मुख्यतः हाताची नव्हे, तर जाणतेपणाची आहे. कांडीवर वळूची जात व क्रमांक छापलेला असतो. तो वाचून घेणें, तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवणें, 21 व्या दिवशीं गाईकडे पुन्हां लक्ष देणें, दोन-तीन महिन्यांनीं ती गाभण आहे कीं नाहीं याची तपासणी करून घेणें, आणि तीन वेळां उलटलेल्या गाईस पुन्हां कांडी न लावतां पशुवैद्यास दाखविणें: या पांच गोष्टींस शाळेच्या चार इयत्ता पुरेशा आहेत. पूर्वीं वंशाचा निर्णय गांवच्या वळूवर सोडलेला होता. आतां तो कांडी आणणाऱ्यावर सोडून दिला, तर शास्त्र गोठ्यांत येऊनहि मालक परकाच राहील. घनसावंगीच्या दावणीला उद्यां जी कालवड उभी राहावयाची, ती जर्सीची असावी, देवणीची असावी कीं लाल कंधारीची, हें आपलें पाणी, चारा आणि मनुष्यबळ पाहून तेथल्याच घरानें ठरवावें. तो निर्णय आज त्याच्या हातीं आला आहे. तो समजून घेण्याचें काम तेवढें बाकी आहे.