प्रमाद आणि साक्ष : प्रा. जगदीशचंद्र जैन

भगवान महावीरांनी गणधर गौतमांना क्षणभराचाही प्रमाद न करण्याचा उपदेश केला. प्रमाद म्हणजे केवळ आळस नव्हे. जाणलेल्या गोष्टीप्रमाणे वेळेवर न वागणे हाही प्रमादच होय. ज्या उत्तराध्ययन सूत्रात हा उपदेश आला आहे, त्याच आगमांची अर्धमागधी भाषा मुंबईच्या रुईया महाविद्यालयात शिकविणाऱ्या एका जैन विद्वानासमोर १९४८ च्या जानेवारीत हाच प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्यांचे नाव प्रा. जगदीशचंद्र जैन.

फाळणीने लाखो माणसे निराधार झाली होती. आपल्या भोसरीशेजारील पिंपरीतही सिंधी निर्वासितांची छावणी उभी राहिली. अशाच निर्वासितांपैकी मदनलाल पाहवा हा पंजाबी तरुण मुंबईत आला असता प्राध्यापकांनी करुणाबुद्धीने त्यास आपली पुस्तके विकण्याचे काम दिले. पुढे तो अहमदनगरला गेला व विष्णु करकरे यांच्या संगतीत सापडला. जानेवारीत परतल्यावर त्याने गांधीजींच्या हत्येचा कट शिजत असल्याचे प्राध्यापकांना सांगितले. त्यांनी त्याची समजूत घातली. परंतु संतप्त निर्वासिताची ही बडबड असावी, असेही त्यांना वाटले.

२० जानेवारी रोजी दिल्लीत बिर्ला भवनातील प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला आणि मदनलाल पकडला गेला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ते नाव वाचताच प्राध्यापक हादरले. त्याच दिवशी त्यांनी मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांची भेट घेऊन सर्व हकीकत निवेदन केली. मदनलालला बोलते करण्यासाठी आपण दिल्लीस जाण्याची तयारी दर्शविली होती, असे त्यांनी नमूद केले आहे. मोरारजीभाईंनी ही माहिती पोलिस अधिकारी जमशेद नगरवाला यांच्याकडे सोपविली. तरीही तपासाचे धागे वेळेवर जुळले नाहीत. भोसरीपासून काही कोसांवरील पुण्यात वृत्तपत्र चालविणारे नथुराम गोडसे व नारायण आपटे मोकळेच राहिले. ३० जानेवारीस सायंकाळी गोडसेने बापूंवर गोळ्या झाडल्या.

लाल किल्ल्यातील खटल्यात प्राध्यापकांनी सरकार पक्षातर्फे साक्ष दिली. १९४९ च्या निकालपत्रात न्यायाधीश आत्माचरण यांनीही २० ते ३० जानेवारी या काळातील पोलिसी शिथिलतेवर कठोर ताशेरे ओढले. पुढे १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे व मदनलाल यांची सुटका झाल्यावर पुण्यात सत्कार समारंभ झाला. कटाची आपणांस आधीच कल्पना होती, असे ग. वि. केतकर यांनी तेथे सांगितल्याने देशभर खळबळ माजली. परिणामी चौकशी आयोग नेमला गेला. १९६६ पासून न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी त्याचे काम पाहिले. जवळजवळ दोन दशकांनंतर प्रा. जैन यांना पुन्हा त्याच दिवसांची साक्ष द्यावी लागली.

इतक्या वर्षांनी स्मृती पुसट होतात, संबंधितांच्या निवेदनांत अंतर पडते आणि प्रत्येकाला स्वतःचा बचाव करण्याचा मोह होतो. प्रा. जैन यांच्या साक्षीचे मोल येथेच कळते. मदनलालच्या बोलण्यावर आपण प्रथम विश्वास ठेवला नाही, ही स्वतःची उणीवही त्यांनी लपविली नाही. आपल्या पुस्तकाला त्यांनी ‘आय कुड नॉट सेव्ह बापू’, म्हणजे ‘मी बापूंना वाचवू शकलो नाही’, असे नाव दिले. प्रतिक्रमणात श्रावक आपल्या दोषांची आलोचना करतो, तीच वृत्ती या शीर्षकात दिसते.

अहिंसेचा जयघोष आपण नित्य करतो. परंतु हिंसेची चाहूल लागताच तत्परतेने उठणे, ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी सांगणाऱ्याचे ऐकणे, आणि चूक झाल्यास ती सत्यव्रताला स्मरून मान्य करणे, याशिवाय अहिंसा पूर्ण होत नाही. बापूंच्या अखेरच्या दहा दिवसांत पहिल्या दोन गोष्टी अपुऱ्या पडल्या. तिसरी मात्र एका जैन प्राध्यापकाने आयुष्यभर पाळली. त्यांच्या या सत्यनिष्ठेस विनम्र अभिवादन!