मतदान यंत्र, दोन हॅकर आणि पोलीस ठाणे

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे हॅकर कुठून काढलेत?" मी म्हटलं, सोडलेलं नाही हो. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कळतं कशावरून, हा प्रश्न मी सगळी नोकरी वर्गात शिकवला. आधी प्रत्यक्ष, मग अनुमान, मग शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. मुलं परीक्षेपुरतं लिहायची आणि विसरायची. मतदान यंत्राच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न उठून थेट पोलीस ठाण्यात जाऊन बसला. त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी दोन शब्दांचा निकाल लावू. 'हॅकर' म्हटलं की आपल्याला बँकेतले पैसे पळवणारा आठवतो. मूळ अर्थ तो नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये खेळण्यातल्या रेल्वेचा एक विद्यार्थी मंडळ होता. यंत्र उघडून, ते आतून कसं चालतं ते बघून, त्याला नवं काही करायला लावणं म्हणजे 'हॅक', असं ती पोरं म्हणायची. आपल्याकडे रेडिओ दुरुस्तीवाला करायचा तेच. दुसरा शब्द 'ट्रोल'. त्याला मात्र आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीचं नाव आहे. न्यायशास्त्रानं चर्चेचे तीन प्रकार केलेत. सत्य शोधायला करतात तो वाद. आपली बाजू जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त मोडून टाकायचं, ती वितंडा. वितंडवादी हा शब्द आपण घरात रोज वापरतो, पण तो इतका नेमका आहे हे लक्षात नसतं.

कधी कधी हे दोन्ही एकाच माणसात असतात. अमेरिकेत अँड्र्यू ऑर्नहाइमर नावाचा माणूस आहे, इंटरनेटवर 'वीव' म्हणून ओळखला जातो. लोकांना छळण्यात नाव कमावलेला, विचारानं वंशद्वेष्टा. मला त्याच्याबद्दल काडीची सहानुभूती नाही. २०१० च्या जूनमध्ये त्यानं आणि त्याच्या एका साथीदारानं एटी अँड टी कंपनीच्या सर्व्हरवरून आयपॅड वापरणाऱ्या सुमारे १ लाख १४ हजार लोकांचे ईमेल पत्ते काढले. कुलूप तोडलं नव्हतं, दार उघडंच होतं. क्रमांक बदलत जायचं, पत्ता मिळत जायचा. खटला झाला, २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. एप्रिल २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानं ती रद्द केली. का? तर खटला न्यू जर्सीत चालवला, आणि त्या राज्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता म्हणून. उघड्या दारातून बघणं हा गुन्हा आहे का, हा खरा प्रश्न तसाच राहिला. हे लक्षात ठेवा. माणूस आत जातो, बाहेर येतो, आणि प्रश्न जागेवरच.

आता आपल्याकडे येऊ.

मतदान यंत्र आपल्या देशात पहिल्यांदा वापरलं गेलं १९ मे १९८२ रोजी, केरळच्या पारूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर. गंमत बघा. निवडणुकीआधी यंत्रावर शंका घेतली ती कम्युनिस्ट उमेदवार सिवन पिल्लई यांनी. मतमोजणीत तेच १२३ मतांनी जिंकले. मग शंका आली ती हरलेल्या काँग्रेसच्या ए. सी. जोस यांना. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेनं पुन्हा मतदान झालं आणि जोस जिंकले. हरलेल्याला शंका येते, जिंकलेल्याची जाते, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. पुढे कायदा दुरुस्त झाला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सगळीच्या सगळी यंत्रावर झाली.

आम्ही मास्तर लोक निवडणुकीच्या ड्युटीवर असायचोच. कागदाच्या काळात पत्र्याची पेटी, लाखेचं सील, मेणबत्ती, आणि रात्री पेटी जमा करायला रांग. यंत्र आलं तेव्हा मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. सकाळी प्रतिनिधींसमोर लुटुपुटीचं मतदान घ्यायचं, आकडे जुळवून दाखवायचे, पुसून टाकायचे, हिरव्या कागदी पट्टीवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. पण यंत्राच्या आत काय आहे, हे मला केंद्राध्यक्ष असूनही माहीत नव्हतं. मला सांगितलं गेलं होतं. म्हणजे माझ्याकडे होतं ते शब्दप्रमाण.

आत काय आहे हे बघायचं ठरवलं हैदराबादच्या हरी प्रसाद यांनी. हे अभियंते, स्वतःची कंपनी चालवणारे. सप्टेंबर २००९ मध्ये निवडणूक आयोगानं यंत्राबद्दल शंका असणाऱ्यांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं, त्यांत ही मंडळी होती. पण यंत्र उघडून तपासायची वेळ आली तेव्हा ते थांबवण्यात आलं. कारण असं दिलं की, उघडलं तर बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या बौद्धिक संपदा हक्काचा भंग होईल. विचार करा, यंत्र तुमच्या मताचं, आणि उघडलं तर हक्कभंग.

मग फेब्रुवारी २०१० मध्ये नाव न सांगणाऱ्या कुणीतरी एक यंत्र त्यांना अभ्यासासाठी आणून दिलं. त्यांच्यासोबत दोघं परदेशी होते. एक मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन. दुसरे नेदरलँड्सचे रॉप गोंगग्राइप, जुने हॅकर. यांनी २००६ मध्ये त्यांच्या देशातलं नेडाप कंपनीचं यंत्र उघडून दाखवलं होतं. तिथल्या सरकारनं चौकशी केली, आणि दोनेक वर्षांत तो देश कागद आणि पेन्सिलीवर परत गेला. गोंगग्राइपवर पोलीस गेले नाहीत.

या तिघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०१० मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. निकालाचा आकडा जिथं उमटतो ती पट्टी बदलून हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी बसवायची. तिच्या पोटात एक चिप लपवलेली. मोबाइलवरून इशारा दिला की खरा आकडा मागे राहतो आणि हवा तो पुढे दिसतो. दुसरी गोष्ट त्याहून साधी. खिशात मावेल असं एक चिमट्यासारखं उपकरण. मतदान आणि मोजणी यांच्या मधल्या दिवसांत स्मृतीच्या चिपला लावायचं, साठवलेली मतं इकडची तिकडे.

आयोगाचं उत्तरही ऐकून घेऊ, कारण ते फालतू नव्हतं. आयोग म्हणाला, हे करायला यंत्र हातात पाहिजे. आमची यंत्रं पहाऱ्यात असतात, सीलबंद असतात, पट्टीवर सह्या असतात. कुठल्या केंद्रावर कुठलं यंत्र जाईल हे आधी कुणाला माहीत नसतं. हे खरंच आहे. पण त्यात एक अडचण होती. हरी प्रसाद यांच्या टेबलावर जे यंत्र होतं, ते पहाऱ्यातूनच आलं होतं. मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गोदामातून, जुन्या कस्टम हाऊसमधून.

आणि म्हणून हे प्रकरण महाराष्ट्राचं. चोरीचा गुन्हा मुंबईत दाखल झाला. २१ ऑगस्ट २०१०, शनिवार, पहाटे मुंबई पोलीस हैदराबादला हरी प्रसाद यांच्या घरी पोचले आणि त्यांना गाडीत घालून मुंबईकडे निघाले. वाटेत ते हाल्डरमन यांच्याशी फोनवर बोलले. पोलिसांचा प्रश्न एकच होता, यंत्र कुणी दिलं? त्यांनी नाव सांगितलं नाही. एक आठवडा कोठडीत काढला. २८ ऑगस्टला मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला. आणि आदेशात त्यांनी जे नोंदवलं ते मला त्या संबंध वर्षातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. यंत्र चोरीचं आहे असं धरलं तरी या माणसाचा हेतू अप्रामाणिक दिसत नाही, यंत्रात फेरफार कसा होऊ शकतो हे तो दाखवत होता, अशा आशयाचं त्यांचं निरीक्षण आहे. हेतू आणि कृती यांतला हा फरक समजावून सांगायला मला वर्गात दोन आठवडे लागायचे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका डिजिटल हक्क संस्थेनं हरी प्रसाद यांना पुरस्कार दिला.

ते देवमाणूस आहेत असं मी म्हणत नाही. पुढे ते आंध्रात चंद्राबाबू नायडूंच्या सरकारचे सल्लागार झाले, म्हणजे राजकारणापासून दूर नव्हते. एप्रिल २०१९ मध्ये नायडू त्यांना आयोगाकडे घेऊन गेले, तेव्हा आयोगानं त्या जुन्या चोरीच्या गुन्ह्याकडे बोट दाखवून त्यांच्याशी चर्चा करायला नकार दिला. नऊ वर्षं झाली होती. यंत्राबद्दलच्या प्रश्नाला उत्तर म्हणून गुन्ह्याचा क्रमांक दिला गेला. बाय द वे, २०१० मध्ये यंत्राविरुद्ध पुस्तक लिहिणारे जी. व्ही. एल. नरसिंह राव भाजपचे, आणि त्याला प्रस्तावना लालकृष्ण अडवाणींची. आज शंका कोण घेतं आणि समर्थन कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे. पारूरचा नियम.

तरी त्या प्रात्यक्षिकाचं काही झालं नाही असं नाही. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं कागदी चिठ्ठी हवी असं सांगितलं. व्हीव्हीपॅट आपण म्हणतो ते. काचेतून सात सेकंद आपल्याला दिसते ती चिठ्ठी म्हणजे यंत्राकडून मिळालेलं थोडंसं प्रत्यक्ष.

आता दुसरा हॅकर. निदान स्वतःला हॅकर म्हणवणारा.

२१ जानेवारी २०१९, लंडन. पत्रकारांच्या एका कार्यक्रमात सय्यद शुजा नावाचा माणूस अमेरिकेतून पडद्यावर आला, तोंड झाकलेलं. यंत्र हॅक करून दाखवणार अशी जाहिरात होती. दाखवलं काहीच नाही. सांगितलं मात्र पुष्कळ. २००९ ते २०१४ मी हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीत ही यंत्रं बनवणाऱ्या पथकात होतो, २०१४ ची निवडणूक हॅक झाली, माझे सहकारी मारले गेले. कंपनीनं कळवलं की हा आमच्याकडे कधी नोकरीला नव्हता. दिल्लीत गुन्हा दाखल झाला. ज्यांनी कार्यक्रम भरवला त्यांनीही हात झटकले.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यानं आणखी एक नाव घेतलं. गोपीनाथ मुंडे. त्यांना हे माहीत होतं म्हणून त्यांना मारलं, असं तो म्हणाला. गौरी लंकेश यांचंही नाव त्यानं असंच घेतलं.

इथं बसलेल्या लोकांना ३ जून २०१४ ची सकाळ सांगायला नको. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीची गाडी जाते, ती दोन दिवस कशी भरून गेली असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. केंद्रात मंत्री होऊन आठ दिवस झालेला माणूस दिल्लीच्या एका चौकात मोटारीच्या धडकेनं गेला. अंत्यविधीच्या वेळी परळीत लोकांचा संताप उसळला, दगडफेक झाली. तपास सीबीआयकडे गेला. घातपात आढळला नाही, दुसऱ्या गाडीच्या चालकावर निष्काळजीपणाचा ठपका आला. पण दुःखाला एवढं साधं कारण पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. असा मोठा माणूस आणि असा लहान अपघात? मनात ती जागा रिकामी राहते. शुजानं नेमका त्या रिकाम्या जागेत आपला शब्द ठेवला. २०१९ मध्ये पुन्हा चौकशीच्या मागण्या झाल्या, धनंजय मुंडे यांनीही केली, आणि गावोगाव पारावर तीच चर्चा. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरात पाच वर्षांनी परत सुतक आणलं, पुराव्याचा एक कागद न दाखवता. ही वितंडा. यानं एकही यंत्र उघडलं नाही. फक्त तोंड उघडलं, तेही झाकून.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच माणूस पुन्हा आला. आपल्या विधानसभेचा निकाल २३ तारखेला लागला आणि आठवड्याभरात महाराष्ट्रातली यंत्रं मी हॅक करू शकतो असं सांगणारा त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला. ३० नोव्हेंबरच्या रात्री मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तो परदेशात, गुन्हा इथं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. एकानं यंत्र टेबलावर ठेवून, स्क्रू काढून, जगापुढे निबंध मांडला. कुणीही यावं आणि चूक काढावी. दुसऱ्यानं तपासता येईल असं एकही वाक्य दिलं नाही. दोघांवर मुंबईतच गुन्हा. कोठडीत मात्र पहिलाच गेला, कारण तो सापडला, पत्त्यावर राहत होता. आणि आपणही काही कमी नाही. या सभागृहात किती जणांनी आजपर्यंत हरी प्रसाद हे नाव ऐकलं होतं? हात वर करा. चार, पाच. आणि शुजाचा व्हिडिओ कितीजणांना आला होता? बघा.

तुम्ही विचाराल, सर, मग यंत्रावर तुमचा विश्वास आहे की नाही. यंत्रात फेरफार करून भारतातली एखादी निवडणूक जिंकली गेली, असा पुरावा माझ्यासमोर आलेला नाही. आणि यंत्र हातात पडलं तर फेरफार होऊ शकतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ३ मार्च २००९ ला हेच केलं. उलरिख वीसनर आणि त्यांचे वडील, राज्यशास्त्राचे प्राध्यापक, यांनी दावा लावला होता. न्यायालय म्हणालं, २००५ च्या निवडणुकीत गडबड झाल्याचा पुरावा नाही, म्हणून ती रद्द करत नाही. पण खास तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकाला मतमोजणी स्वतः पडताळता आली पाहिजे, आणि या यंत्रात ती पडताळता येत नाही, म्हणून त्यांचा वापर घटनाबाह्य. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला वेगळी वाट घेतली. सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी नाकारली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं खर्च भरून मागणी केली तर पाच टक्के यंत्रांतल्या चिपची तपासणी होईल असा मार्ग ठेवला. म्हणजे हक्क उमेदवाराला. मतदाराला नाही.

मतदारानं करायचं ठरवलं तर काय होतं, ते मुंबईतल्या त्या गुन्ह्यानंतर तीनच दिवसांत दिसलं. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात मारकडवाडी आहे. तिथं भाजपच्या राम सातपुते यांना १००३ आणि उत्तम जानकर यांना ८४३ मतं निघाली. मतदारसंघात निवडून आले जानकरच, पण गावातला हा आकडा त्यांच्या समर्थकांना पटेना. त्यांनी ठरवलं, ३ डिसेंबरला आपल्याच पैशानं, आपल्याच गावात, कागदावर पुन्हा मत देऊन बघू. कायद्यानं त्याला काही अर्थ नव्हता. गुप्त मतदान दुसऱ्यांदा तसंच होईल याची खात्री नाही, त्यामुळे ज्ञान म्हणूनही तो प्रयोग लंगडाच होता, हे मी तिथं गेलो असतो तर त्यांना सांगितलं असतं. पण ती मंडळी शुजासारखं बोलत नव्हती, मोजायला निघाली होती. प्रशासनानं जमावबंदी लावली. मतपत्रिका छापून तयार होत्या, पोलीस आले, साहित्य जप्त करू म्हणाले, आणि मतदान झालं नाही. गुन्हे दाखल झाले. १००३ आणि ८४३ हे आकडे अजून तसेच आहेत.