पहिल्या मोजणीआधीचा चिखल

कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत बॅकल्यू नावाचे एक छोटे बेट आहे. लीचचा स्टॉर्म पेट्रेल हा बुलबुलाएवढा, जेमतेम 45 ग्रॅम वजनाचा समुद्रपक्षी इथे जमिनीत बिळे उकरून वीण घालतो. या जातीची जगातली सर्वांत मोठी वसाहत हीच. 1984मध्ये तिची मोजणी झाली तेव्हा अंदाज निघाला सुमारे 33 लाख जोड्यांचा. 2013मध्ये तो वीस लाखांच्या आत आला होता. एवढी घट पाहून पक्षीतज्ज्ञ हादरले नसते तरच नवल. पण ही घट आपण कुठून मोजतो, हा प्रश्न मागे राहतो. 1984चा आकडा हा खतावणीतला आरंभीचा शिल्लक आकडा नाही. वही उघडली तेव्हा दिसलेला तो आकडा आहे. त्याआधीची शेकडो पाने कोणी लिहिलीच नाहीत. उत्तरेकडच्या थंड समुद्रांतल्या बहुतेक वसाहतींची हीच गत आहे: पद्धतशीर मोजणी विसाव्या शतकातली, वसाहती मात्र हजारो वर्षांच्या. आणि ज्या क्षणी माणूस मोजायला बसला तो क्षण सर्वसाधारण होता असे मानायला कसलाच आधार नाही.

न लिहिलेली ही पाने निदान काही ठिकाणी वाचता येतात. पेट्रेल समुद्रावरून खाऊन येतो आणि बेटावर विष्ठा टाकतो. पावसाने ती वाहून जवळच्या डबक्यात जाते आणि तळाच्या गाळात थरावर थर साचत राहते. समुद्री अन्नसाखळीत वर असलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेत नायट्रोजनचे जड समस्थानिक, म्हणजे नायट्रोजन-15, जास्त प्रमाणात असते. शिवाय जस्त आणि कॅडमियमही येतात. खत मिळाले की पाण्यातली शेवाळे वाढतात, आणि डायटम नावाच्या काचेच्या कवचाच्या सूक्ष्म शेवाळांच्या जातीही पालटतात. तळात नळी खुपसून गाळाचा उभा दांडा बाहेर काढायचा, त्याच्या पातळ चकत्या करायच्या, किरणोत्सारी शिसे आणि कार्बन यांवरून प्रत्येक चकतीचे वय काढायचे आणि ती तपासायची, असे हे काम आहे. बॅकल्यूच्या डबक्यातल्या गाळाने सुमारे 1700 वर्षांची हकिगत दिली. वसाहत कधी फुगली, कधी आटली, पुन्हा फुगली. आणि ही भरती-ओहोटी त्या भागातल्या हवामानाच्या मोठ्या बदलांशी जुळतही नाही. 1984ची गणना झाली ती भरतीच्या दिवसांत.

यावर पहिला आक्षेप येतो तो रसायनाचा. नायट्रोजन म्हणजे काही पक्ष्यांची शिरगणती नव्हे. तो इतर मार्गांनीही येऊ शकतो, पाऊस कमी-जास्त झाला तर डबक्यात पोहोचणारी विष्ठाही कमी-जास्त होईल. आक्षेप खरा आहे, पण त्याचा टप्पा मर्यादित आहे. गाळावरून डोकी मोजता येत नाहीत, चढ-उतार कळतो. आणि नायट्रोजन, धातू, डायटम हे वेगवेगळ्या कारणांनी बदलू शकणारे पुरावे एकाच थरात एकाच दिशेला बोट दाखवू लागले, की पावसाचा खुलासा अपुरा पडतो. जवळच, फ्रान्सच्या ताब्यातल्या सेंट पिएर-मिकेलों द्वीपसमूहातल्या ग्राँ कोलोंबिए बेटावर याच पद्धतीने 5800 वर्षे मागे जाता आले. तिथेही पेट्रेलांची संख्या हजारो वर्षे आपल्या लयीत वरखाली होत होती. ही लय मोडली ती एकोणिसाव्या शतकात, शेजारच्या बेटावर युरोपीय वस्ती स्थिरावली तेव्हा.

दुसरा आक्षेप जास्त धोक्याचा आहे, कारण तो सोयीचा आहे. वसाहती आपोआपच आटत असतील, तर आजच्या घटीचा एवढा गवगवा कशाला? निसर्गाचे चालू द्या. या युक्तिवादाला उत्तर द्यायला ग्रेट ऑकइतका चोख साक्षीदार नाही. पाऊण मीटर उंचीचा, सुमारे पाच किलो वजनाचा, उडता न येणारा हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालायचा. आइसलँडजवळच्या एल्डे या कड्यावर जून 1844मध्ये शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. या कथेत निसर्गाचा हातही दाखवता येतो: एल्डेवर ते पक्षी आले होते कारण त्यांचा आधीचा सुरक्षित खडक, गेइरफुग्लास्केर, 1830मध्ये ज्वालामुखीच्या उलथापालथीत समुद्रात गेला. पण 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 41 ऑकांच्या जुन्या हाडांमधला डीएनए वाचला गेला. माणसाने मोठ्या प्रमाणावर मारायला सुरुवात करण्याआधी ही जात क्षीण होत चालल्याची खूण त्यात सापडली नाही. दरवर्षी एकूण संख्येच्या साधारण दहा टक्के पक्षी मारले गेले तर लाखोंची जातही साडेतीनशे वर्षांत संपते, असा हिशेबही त्या संशोधकांनी मांडला. ज्वालामुखीने एक खडक बुडवला, एवढेच. तेव्हा दुसऱ्या खडकांवर पक्षी उरलेच नव्हते, हा ज्वालामुखीचा दोष नव्हे.

ऑक मारणे ही काही युरोपियांनी काढलेली नवी गोष्ट नव्हती, हेही सांगायला हवे. न्यूफाउंडलंडमधल्या पोर्ट ओ श्वा इथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत एकाच कबरीत ऑकांच्या दोनशेहून अधिक चोची मिळाल्या. पुढच्या काळातले तिथले मूळनिवासी बेओथुक लोक होड्या वल्हवत किनाऱ्यापासून दूरच्या फंक बेटापर्यंत अंडी आणायला जात. म्हणजे माणूस आणि ऑक हजारो वर्षे एकाच किनाऱ्यावर होते, आणि ऑक टिकून होता. फरक पडला तो व्यापाराने. मे 1534मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जॅक कार्तिएची माणसे फंक बेटावर उतरली आणि अर्ध्या तासात त्यांनी दोन होड्या पक्ष्यांनी भरल्या. ताजे खाल्ले ते वेगळे, उरलेले पिंपांत मिठात घातले. त्याच सुमारास एक पांढरे अस्वलही ऑक खायला समुद्र पोहून बेटावर आले होते. अस्वलाची भूक आणि जहाजाची भूक यांत त्या दिवशी तरी फारसे अंतर नव्हते. पुढे गाद्यांसाठी पिसे हवी झाली आणि गणित बदलले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टोळ्या उन्हाळाभर बेटावर मुक्काम ठोकू लागल्या. दगडी कोंडवाड्यांत पक्षी हाकलून मारायचे, उकळत्या पाण्यात बुडवून पिसे उपटायची. बेटावर झाड नाही, म्हणून पाणी तापवायला जळण पक्ष्यांच्याच चरबीचे. जॉर्ज कार्टराइट या व्यापाऱ्याने 1785मध्येच लिहून ठेवले होते की हे थांबले नाही तर जात जवळजवळ संपेल. पंधरा-वीस वर्षांतच फंकवर ऑक उरले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे. वसाहतींची घट भरून काढायची तर कुठवर, याचे उत्तर हल्ली बहुधा जुन्या मोजणीतून काढले जाते. न्यूफाउंडलंडमध्ये तेवढेही सरळ नाही. 1992मध्ये कॉड मासेमारी बंद झाली आणि जाळ्यांत अडकून मरणारे गिलेमॉटसारखे बुडी मारणारे पक्षी वाढले. उलट जहाजांवरून फेकलेल्या माशांच्या कचऱ्यावर पोसलेले गल पक्षी घटले. म्हणजे त्याआधीच्या गणनेतला एक आकडा जाळ्यांनी खाली ओढलेला होता आणि दुसरा कचऱ्याने फुगवलेला. यांपैकी कोणता परत आणायचा? गल घटले म्हणून हळहळणे मला तरी पटत नाही.

फंक बेटावर तर हा प्रश्नच उलटा होतो. बेट कसले, किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरचा, एक किलोमीटरही लांबी नसलेला ग्रॅनाइटचा खडक. आज तिथे लाखो गिलेमॉट उघड्या दगडावर खेटून उभे राहतात. एकोणिसाव्या शतकात नाहीसे झालेले गॅनेट हे समुद्रपक्षी 1936मध्ये परतले. पफिन मात्र बिळे करणारा पक्षी; त्याला माती लागते, आणि या खडकावर मुळात माती नव्हतीच म्हणावी इतकी थोडी होती. पिसे काढून टाकून दिलेल्या ऑकांचे ढीग कुजत गेले, त्यांची माती झाली, तिच्यावर गवत उगवले. 1860च्या दशकात त्यातली काही खत म्हणून जहाजांत भरून नेली गेली, तरी पुष्कळ उरली. 1887मध्ये फ्रेडरिक लुकास अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी हाडे गोळा करायला आला, तेव्हा कुठे खणायचे ते पफिनांनीच दाखवून ठेवले होते: बिळे उकरताना त्यांनी ऑकांची हाडे तोंडाशी बाहेर लोटली होती. त्या मातीच्या पट्ट्यात आजही पफिन वीण घालतात.