माझगांवची सेंट मेरीज शाळा आणि तिचीं पहिलीं शंभर वर्षें (१८६४–१९६४)

महोत्सवाच्या पुस्तिकेंत शाळेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे इमारतींचीं सालें, मुख्याध्यापकांचीं नांवें व परीक्षांचे निकाल ओळीनें मांडावयाचे, असा बहुधा प्रघात आहे. तो वाईट नाहीं. परंतु त्यानें शाळेची वही भरते. शाळेचा काळ डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं १८६४ सालीं मुंबईंत माझगांव येथें स्थापिलेल्या सेंट मेरीज शाळेची कथा येथें सांगण्याचें कारण निराळें आहे. ह्या शाळेच्या पहिल्या शंभर वर्षांत आपल्या मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिक समाजाला एका प्रश्नाचें उत्तर शोधावें लागलें. मिस्सा लॅटिनमध्यें, शिक्षण इंग्रजींत व घरचें बोलणें मराठींत, अशा तीन भाषांत वाढलेला मुलगा ह्या देशांत कोणाचा समजावयाचा?

१८६४ ची मुंबई कशी होती हें प्रथम पाहूं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडांत जाईनासा झाला होता. त्याची जागा आपल्याकडील कापसानें घेतली व मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातीं अतोनात पैसा आला. त्याच वर्षीं झालेल्या शिरगणतींत शहराची वस्ती आठ लाखांहून अधिक भरली. पुढच्याच वर्षीं युद्ध थांबलें, कापसाचे भाव कोसळले आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. पैसा असा आला आणि गेला. विद्येची गरज मात्र वाढतच राहिली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें होतें, आणि मॅट्रिकची परीक्षा उतरलेल्या मुलास सरकारी कचेरी, रेल्वे व व्यापारी पेढी यांचीं दारें उघडीं होत. बिशप वॉल्टर स्टाइन्स हे त्या वेळीं मुंबईच्या मिशनचे प्रमुख होते. येशूसंघानें १८६३ सालीं वांद्र्यास अनाथ मुलांसाठीं आश्रम काढला, तोच पुढें सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आला. १८६४ सालीं माझगांवास सेंट मेरीज, १८६७ सालीं पुण्यास सेंट व्हिन्सेंट्स व १८६९ सालीं मुंबईस सेंट झेव्हियर्स, अशीं सहा वर्षांच्या अवधींत चार विद्यालयें उभीं राहिलीं.

माझगांव हें त्या काळीं आंब्यांसाठीं नांवाजलेलें होतें, आणि त्याच्या किनाऱ्यावर गोद्या व गुदामें वाढत होतीं. तेथील माथार पाखाडींत जुनीं कॅथॉलिक घरें होतीं. पोर्तुगीज अमदानींत ह्या लोकांच्या पूर्वजांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची घरची बोली, लग्नांतील गाणीं व नात्यांचीं नांवें मात्र मराठीच राहिलीं. १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षीं, ह्या समाजानें आपली संस्था काढून 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. नांव इंग्रजी, पण तें धारण करणारे मूळचे ह्याच मातीचे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. त्यांनीं मराठी आत्मसात् करून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचिलें, व तें १६१६ सालीं गोमंतकांत छापून निघालें. अडीचशें वर्षांनंतर त्याच संघाचे जर्मन प्रांतांतील धर्मगुरु मुंबईंत आले, तेव्हां त्यांच्या शाळांतून इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला. ह्यांत त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पालकांस तेंच हवें होतें. कारण इंग्रजीवांचून पोटाचा धंदा मिळेना. परंतु त्यामुळें घर व वर्ग यांच्यामध्यें एक उंबरठा उभा राहिला. तो ओलांडून आंत जाणारीं मुलें पुष्कळ निघालीं; आंत मिळालेलें ज्ञान घेऊन परत आपल्या लोकांत येणारीं थोडीं.

अशा थोड्यांत जोसेफ बॅप्टिस्टा यांची गणना अग्रभागीं केली पाहिजे. त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं माथार पाखाडींत झाला, म्हणजे शाळा व विद्यार्थी एकाच सालचीं. त्यांचें घराणें मूळचें भाईंदरजवळील उत्तन गांवचें. सेंट मेरीजमध्यें शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत गेले. पुढें केंब्रिज येथें पदवी घेऊन बॅरिस्टर होऊन आले. अशा मनुष्यास त्या काळीं साहेबांच्या सावलींत सुखानें राहतां आलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. लोकमान्य टिळकांशीं त्यांचा स्नेह जडला, आणि महाराष्ट्र त्यांस 'काका' म्हणूं लागला. ही पदवी कोणतें विद्यापीठ देत नाहीं. लोकांनीं मनुष्यास आपल्या घरांतला मानल्यावांचून ती मिळत नाहीं.

दरम्यान शहरावर मोठें अरिष्ट कोसळलें. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय कॅथॉलिक डॉक्टरांनीं मांडवी भागांतील एका रोग्यास गांठीचा प्लेग झाल्याचें ओळखिलें. पाहतां पाहतां साथ पसरली. लाखों लोक शहर सोडून गेले. जानेवारी १८९७ मध्यें डॉ. हाफकिन यांनीं आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, व मग माझगांवच्या शेजारींच असलेल्या भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. आपल्या जुन्या वाड्यांतून व पाखाड्यांतून जे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक ह्या साथीच्या दिवसांत उभारलेले आहेत. त्यांच्यापुढें झालेल्या प्रार्थना मराठी होत्या. संकटाच्या वेळीं मनुष्य ज्या भाषेंत देवाला हांक मारतो, तीच त्याची खरी भाषा.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि मिशनच्या शाळांवर वेगळाच प्रसंग गुदरला. त्यांतील बहुतेक धर्मगुरु जर्मन, म्हणून इंग्रज सरकारच्या दृष्टीनें शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. ह्यांतील दैवदुर्विलास असा कीं, १८७२ सालीं खुद्द जर्मनींत कायदा होऊन येशूसंघाच्या लोकांस तेथें थारा उरला नव्हता. स्वदेशीं ते येशूसंघीय म्हणून नकोसे झाले, आणि येथें जर्मन म्हणून! अनेकांस अहमदनगरच्या छावणींत डांबण्यांत आलें. १९१५ च्या अखेरीस व १९१६ च्या आरंभीं 'गोलकोंडा' आगबोटीनें पुष्कळांची रवानगी झाली. आर्चबिशप हर्मान युर्गेन्स १९१६ च्या सप्टेंबरांत वारले, आणि तीन वर्षेंपर्यंत मुंबईस नवा आर्चबिशप मिळाला नाहीं. तरी मुंबईंतील मिशनच्या मोठ्या शाळा टिकल्या. जे जर्मन नव्हते असे थोडे धर्मगुरु व येथलेच शिक्षक यांनीं तो भार उचलिला. परक्यांनीं लावलेलें झाड आपण पाणी घालून जगवूं शकतों, हें तेव्हां आपल्या लोकांस प्रथम कळलें.

ह्याच १९१६ सालच्या एप्रिलांत बेळगांव येथें होमरूल लीगची स्थापना झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष म्हणून जोसेफ बॅप्टिस्टा यांची निवड झाली. ज्या वर्षीं शाळेच्या संस्थापकांचे संघबंधु परके म्हणून ह्या किनाऱ्यावरून पाठविले गेले, त्याच वर्षीं त्या शाळेचा विद्यार्थी स्वराज्याच्या चळवळीच्या अग्रस्थानीं बसला. आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें इतकें स्पष्ट उत्तर दुसरें कोणतें असावें? पुढें त्यांनीं गिरणी कामगार व इतर श्रमजीवी यांची बाजू घेतली. १९२१ सालीं झरिया येथें भरलेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९२५ सालीं मुंबई महापालिकेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. ह्याच पदास पुढें महापौर असें नांव मिळालें. १९३० सालीं त्यांचें देहावसान झालें. माझगांवच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यान आज त्यांचें नांव धारण करून आहे.

युद्ध संपतें न संपतें तोंच १९१८ मध्यें इन्फ्ल्यूएंझानें शहरास ग्रासलें; त्याचे पहिले रोगी जूनमध्यें गोदीच्या परिसरांत आढळले. त्यानंतर स्पॅनिश येशूसंघीयांनीं मुंबईचें कार्य हातीं घेतलें. १९२८ सालीं रोम व पोर्तुगाल यांच्यामध्यें करार होऊन, एकाच शहरांत दोन धर्मसत्ता चालण्याची जुनी तेढ मिटली. ह्या तेढीनें कित्येक पॅरिशींत भाऊ भावापासून दुरावला होता, हें वडील माणसें सांगत असत.

१४ एप्रिल १९४४ चा दिवस मुंबई कधीं विसरणार नाहीं. पुनरुत्थानाच्या सणानंतरचा तो शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' ह्या बोटीवर कापूस व दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारीं तिला आग लागली व चार वाजल्यानंतर लागोपाठ दोन भयंकर स्फोट झाले. शेकडों माणसें प्राणांस मुकलीं, हजारों बेघर झालीं, आणि बोटीवरील सोन्याच्या विटा दूरवर उडून पडल्या. माझगांव तेथून हाकेच्या अंतरावर. तीन वर्षांनीं देश स्वतंत्र झाला. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज असूनही, हें पद आतां ह्या देशाच्या सुपुत्राकडे जावें म्हणून स्वतः बाजूस झाले; १९५० सालीं व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, व १९५३ सालीं पहिले भारतीय कार्डिनल.

मग १९६४ साल उजाडलें. शाळेस शंभर वर्षें भरलीं. त्या वर्षाच्या शेवटीं मुंबईंत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली, व २ डिसेंबर रोजीं पोप सहावे पॉल यांचें आगमन झालें. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्या दर्शनास उसळलेल्या गर्दींत कॅथॉलिकांहून इतर धर्मांचे लोक कितीतरी अधिक होते. ह्याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. व्हॅटिकन परिषदेनें डिसेंबर १९६३ मध्यें उपासनेंत लोकभाषेस स्थान दिलें; आणि १९६० सालीं जन्मलेल्या महाराष्ट्र राज्यानें १९६४ चा राजभाषा अधिनियम करून मराठीस राज्यकारभारांत मान दिला. शाळा उघडली तेव्हां वेदीवर लॅटिन व कचेरींत इंग्रजी होती, आणि मराठी माजघरांत बसली होती. शंभर वर्षांनीं ती वेदीपर्यंत आली व कचेरींतही शिरली.

आज त्या शाळेस दीडशेंहून अधिक वर्षें झालीं आहेत, आणि आपल्या बहुतेक घरांतील मुलें तिच्यासारख्याच इंग्रजी शाळांतून शिकत आहेत. शिकूं द्यावें, त्यांत आपली हानि नाहीं. परंतु ज्या शिक्षणानें एका पाखाडींतील मुलगा सर्व महाराष्ट्राचा 'काका' झाला, त्याच शिक्षणानें दुसऱ्या मुलास आपल्या आजीशीं दोन शब्द बोलण्याची लाज वाटूं लागली, तर दोष शाळेचा कीं घराचा, ह्याचा विचार प्रत्येक आईबापांनीं करावा. शाळेनें उघडलेल्या दारांतून मुलें बाहेर जातील. त्यांस परत येण्याची वाट घरांतूनच दाखविली पाहिजे. तेवढें कर्तव्य ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आपणां सर्वांच्या ध्यानीं येवो, व ज्या देशी-परदेशी गुरुजनांनीं आपल्या पूर्वजांस अक्षर शिकविलें त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.