पाळक कुठल्या भाषेत घडतो?

मी जळगावचा, नोकरीला पुण्यात, दिवसभर कोड लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे: चर्चचा पाळक तयार कसा होतो?

हा प्रश्न मला धुळ्यात पडला. हॉस्टेलमधल्या रूममेटची आजी वारली, म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेसने चाळीसगाव गाठलं आणि तिथून धुळे. अंत्यविधीला आलेले पाळक आमच्याच वयाचे, सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले. उपदेश चांगला केला, पण सगळा पुस्तकी मराठीत. बायका गप्प बसून होत्या. मग ते आजीच्या बहिणीजवळ जाऊन बसले आणि अहिराणीत म्हणाले, "माय, आते रडू नको." त्यांचा हात धरून ती बाई तेव्हा कुठे मोकळेपणी रडली.

रूममेट म्हणाला, "हे सेमिनरीत शिकवत नाहीत रे." तेव्हापासून मी वाचायला लागलो.

तर हा वाद फार जुना आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पोचलं. १८५४-५५ मध्ये त्यांच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन बोस्टनहून पाहणीला आले. त्यांचं म्हणणं असं, की मंडळीचा पाळक इथलाच हवा, त्याचा खर्च मंडळीनेच उचलावा आणि त्याचं शिक्षण त्याच्या भाषेत व्हावं. इंग्रजी शिकलेला मुलगा गावात राहणार नाही, सरकारी नोकरीला जाईल, ही भीती होती. मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली. पटण्यासारखं वाटतं ना? पण ज्यांना इंग्रजी हवी होती, त्यांचं दारही त्यामुळे बंद झालं. दुसऱ्याने आपल्यासाठी भाषा ठरवणं हे काही फार बरं नव्हे.

१८७८ साली मुंबईतच जन्मलेल्या रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला सेमिनरी सुरू केली. तिथे पुढे शिक्षक म्हणून आले रेव्हरंड ना. वा. टिळक. त्यांची गोष्ट आपल्या रुळांवरून जाते बरं का! १८९३ मध्ये नाशिकहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचायला सांगितला. नाशिक-नागपूर लोहमार्ग म्हणजे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९०४ मध्ये त्यांना पाळकीय दीक्षा मिळाली. परक्या चालींवर बसवलेली गीतं लोकांच्या तोंडी बसत नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि अभंग-ओवीच्या वळणाची शेकडो गीतं लिहिली. ती आजही मराठी चर्चमध्ये गातात.

पुढे १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती पुण्यात आली. देशभरातले विद्यार्थी, म्हणून शिक्षण मुख्यतः इंग्रजीत. त्याचा फायदा उघड आहे: जगभरची पुस्तकं वाचता येतात आणि नागालँडचा मुलगा नवापूरच्या मुलाशी वाद घालू शकतो. पण तोच मुलगा नवापूरला परततो तेव्हा समोरची मंडळी मावची, भिली बोलत असते. धुळ्यात, जळगावात अहिराणी. आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलायचं, हे वर्गात शिकलेल्या भाषेत सुचेलच असं नाही.

मला वाटतं, अँडरसन अर्धेच बरोबर होते. पाळकाला लोकांची भाषा हवीच, पण त्यासाठी इंग्रजीचं दार लावून घ्यायची गरज नव्हती. विद्यार्थ्याला दोन्ही यायला हवं. फक्त दुसरी भाषा 'घरून येतेच' असं समजून सोडून देऊ नये. गावात राहून, म्हाताऱ्यांचं ऐकून, ती मुद्दाम शिकावी लागते. आता मला तरी कुठे अहिराणी धड येते? आजीचं सगळं कळायचं, उत्तर मात्र मी मराठीतच द्यायचो.

तुमच्याकडे दुःखाच्या प्रसंगी बोलणारा माणूस कुठल्या भाषेत बोलतो? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!