इंजिनाचे वाकेनवीस

पिंपरीच्या माळावर 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या जमिनी संपादून त्यांचे भूखंड पाडले, त्या काळी मोटारीचे इंजिन हे कानाने ऐकण्याचे आणि पेचकसाने वळणावर आणण्याचे यंत्र होते. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा मोकळा केला की मिश्रणात पेट्रोल वाढे, डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला की ठिणगीची वेळ सरके. मिस्त्री आणि इंजिन यांच्या व्यवहारात तिसऱ्या कुणाचा दाखला लागत नसे.

तो तिसरा आला परदेशातून, आणि त्याच्या आगमनाच्या तारखा या मुलखाच्या तारखांशी मोठ्या चमत्कारिक रीतीने गुंतल्या आहेत. वाहनांची कसोटी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात 1966 साली स्थापन झाली. पुढच्याच वर्षी जर्मनीत फोक्सवॅगनने आपल्या 1600 गाडीवर बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनपद्धती चढवली. 1979 साली बीएमडब्ल्यूच्या 732 आय या गाडीत इंधन आणि ठिणगी ही दोन्ही खाती मोट्रॉनिक नावाच्या एकाच संगणकाच्या हवाली झाली. आणि 2009 साली तीच फोक्सवॅगन चाकणला कारखाना थाटून बसली. आपल्याकडे मात्र हा संगणक हौसेने नव्हे, हुकुमाने रुजला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1999 मध्ये राजधानी परिसरातल्या नव्या गाड्यांना युरो मानकांची सक्ती केली, पाठोपाठ भारत स्टेजचे टप्पे देशभर येत गेले, आणि त्या मोजमापापुढे कार्ब्युरेटर टिकेना. 2005 साली पिंपरीत बनणाऱ्या सफारीला डायकॉर हे कॉमन रेल डिझेल इंजिन मिळाले, तेव्हा डिझेलचा थेंबदेखील संगणकाच्या परवानगीवाचून सिलिंडरात शिरेनासा झाला. गॅरेजवाल्यांच्या तोंडी त्याचे नाव ईसीएम.

मोगल अमदानीत सुभ्यासुभ्यातून खबरा लिहून धाडणारे वाकेनवीस असत आणि दरबारचा हुकूम त्यांच्या लेखणीवर विसंबून सुटत असे. ईसीएमचा कारभार तंतोतंत याच धर्तीचा आहे. तो स्वतः इंजिन पाहत नाही. पाणी किती तापले, हवा किती आत आली, रेलमध्ये दाब किती, हे सेन्सर त्याला तारेवरून कळवतात, आणि त्या वार्तेवर तो इंधनाचा हिशेब मांडतो. सारांश, ईसीएमला वश करण्यासाठी त्याच्या दफ्तराचे कुलूप फोडण्याची गरज नाही. वाकेनवीस फितूर केला की पुरे.

या फितुरीचे सर्वांत गरीब साधन म्हणजे रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर. पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत उतरतो. त्याच्या तारेत हा दाणा ओवून डाखले की तापलेले इंजिन ईसीएमला थंड भासते आणि तो बिचारा पेट्रोल वाढवून देतो. पिकअप सुधारल्याचा भास होतो, ॲव्हरेज मात्र खचितच घसरते.

याहून प्रतिष्ठित प्रकार गॅसकिटाचा. महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी 2006 साली स्थापन झाली आणि पुणे व पिंपरी-चिंचवडात सीएनजीचे पंप वाढत गेले, तशी पेट्रोलच्या गाडीत 200 बार दाबाची टाकी बसवून देण्याची विद्या गल्लोगल्लीच्या गॅरेजांत पसरली. सीक्वेन्शियल किटात मूळ ईसीएमशेजारी गॅसचा दुसरा संगणक येतो. पहिल्याने पेट्रोलच्या इंजेक्टरला दिलेला हुकूम हा दुसरा वाटेतच अडवतो, त्याच हिशेबाने गॅसचा इंजेक्टर उघडतो, आणि पेट्रोलचे इंजेक्टर जागेवर असून चाकरी बजावीत आहेत असा खोटा जबाब इम्युलेटरकडून पहिल्याला देववतो. तो जबाब न मिळाला तर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी यासाठी काही किटांत ॲडव्हान्सरही जोडतात. गाडी पेट्रोलवर सुरू होते, पाणी तापते, एक बारीकसा खटका ऐकू येतो, आणि इंजिन गॅसवर जाते. ईसीएमला त्याचा पत्ताही नसतो.

तिसरा प्रकार शौकिनांचा. कॉमन रेल डिझेलला लावण्याचा ट्युनिंग बॉक्स रेलमधला दाब असेल त्याहून कमी सांगतो. ईसीएम तो भरून काढण्यास दाब चढवतो, डिझेल जास्त पडते, जोर वाढतो आणि मागे काळा धूर सुटतो. कसलेही छिद्र न पाडता प्लगमध्ये प्लग खोचून तो बसतो, आणि सर्व्हिसिंगला जाण्यापूर्वी निघून डिकीत जातो.

ही लबाडी केवळ गल्लीतली असे मानणाऱ्याने 2015 साल आठवावे. त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत कसोटी ओळखून वर्तन बदलणारे सॉफ्टवेअर उघडकीस आले. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबरात 3,23,700 गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीस मनाई केली. तेथे कोणी उपरा दाणा ओवला नव्हता. फितुरी दफ्तरातूनच लिहिली गेली होती.

कायद्याची भूमिका या बाबतीत निःसंदिग्ध आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये कारखानदाराने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार मना आहे, परंतु मान्यताप्राप्त गॅसकिटाला त्यात जागा ठेवली आहे, आणि 2022 पासून बीएस-6 पेट्रोल गाड्यांनाही ती मिळाली. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारास 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, असे फर्मावले. खोटा जबाब गॅसकिटातही आहे. पण त्याची कसोटी झालेली असते आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात नोंद पडते. म्हणून किट बसवू पाहणाऱ्या वाचकाने मिस्त्रीला आधी मान्यतेचा दाखला मागावा, आणि आरटीओत नोंद करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.